नवव्या दिवशी दिलेली मुलाखत

पत्राचा सारांश : विदर्भातील एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत काम करणाऱ्या तरुण वार्ताहर लिहितात, "तालुक्यातील एका कापूस उत्पादक शेतकऱ्याने आत्महत्या केली. नवव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. घर माणसांनी भरलेले होते. दिराने परवानगी दिली आणि त्या शेतकऱ्याच्या पत्नीला माझ्यासमोर आणून बसवले. सुरुवातीला त्या बोलेनात. त्यांना धीर यावा म्हणून 'बातमी आली की मदत लवकर मिळते' असे मी म्हणाले, मग त्या मोकळ्या झाल्या. दीर उठून गेल्यावर त्यांनी गावातील विनापरवाना सावकाराचे नाव घेतले, पतीच्या दारूबद्दल सांगितले आणि भावाभावांतील जमिनीच्या वादाबद्दलही सांगितले. तेरा वर्षांच्या मुलाने वडील कुठे आणि कसे सापडले ते सांगितले. सगळे मिळून अठरा मिनिटांचे चित्रीकरण आहे. चार दिवसांनी शेजारणीच्या फोनवरून त्या म्हणाल्या, 'ताई, थे दारूचं अन् सावकाराचं टाकू नका, मले इथंच राहाचं आहे.' संपादकांचे म्हणणे असे की परवानगी घेऊन केलेले चित्रीकरण आहे, बोललेला शब्द मागे घेता येत नाही. आज हिला सोडले तर उद्या आमदारही विधाने मागे घेऊ लागतील. सावकाराचे नाव छापणे जनहिताचे आहे असे मलाही वाटते. त्यांची विनंती मान्य केली तर मी वाचकांशी अप्रामाणिक ठरेन का?"

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्या वाचनात माझे लक्ष तुमच्या प्रश्नाकडे होते. तिसऱ्या वाचनात ते एका वाक्यावर खिळले, जे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. "बातमी आली की मदत लवकर मिळते." हे वाक्य तुम्ही धीर देण्यासाठी उच्चारले याबद्दल मला शंका नाही, पण ज्या घरात नऊ दिवसांपूर्वी कर्ता माणूस गेला आहे त्या घरात ते आश्वासन म्हणूनच ऐकले जाते. ऐकणाऱ्या बाईने मनात हिशेब मांडला असणार की बोलले तर पैसे मिळतील, गप्प राहिले तर कदाचित मिळणार नाहीत. तुमचे संपादक जिला परवानगी म्हणतात ती या हिशेबातून आलेली आहे. शिवाय ती दिराने दिलेली आहे. बोलणारी बाई, घटना तिच्या आयुष्यातली, परिणाम तिने भोगायचे आणि होकार दुसऱ्याचा, हे आपल्याकडे इतके नित्याचे झाले आहे की त्यात काही चुकले असे जाणवतही नाही. दीर उठून गेल्यावरच त्या खरे बोलू लागल्या, हे तुम्हीच लिहिले आहे. म्हणजे त्याच्या उपस्थितीचे ओझे तुम्हालाही दिसले होते.

तेव्हा "दिलेली संमती मागे घेता येते का" या प्रश्नाच्या आधी "संमती दिली गेली होती का" हा प्रश्न येतो, आणि त्याचे माझे उत्तर "पुरेशी नाही" असे आहे. हा ठपका एकट्या तुमच्यावर ठेवण्याचा माझा हेतू नाही. २००६ मध्ये पंतप्रधान विदर्भात येऊन गेले, सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर झाले आणि तेव्हापासून या घरांच्या ओसरीवर कॅमेरे येत राहिले. आपण सगळेच तिथे बसून तेच प्रश्न विचारत आलो आणि नव्याने आलेल्या वार्ताहराला दारात काय बोलावे हे कोणी शिकवले नाही.

संपादकांचा आमदाराविषयीचा मुद्दा मात्र गंभीरपणे घ्यायला हवा, कारण त्यामागे खरे तत्त्व आहे. सत्तेतील माणूस पत्रकार परिषदेत बोलतो, गदारोळ झाला की "माझ्या बोलण्याचा विपर्यास केला" म्हणतो, आणि अशा वेळी वार्ताहराने माघार घेऊ नये म्हणून ऑन रेकॉर्ड (नावानिशी छापता येणारे) आणि ऑफ द रेकॉर्ड (छापायचे नसलेले) बोलणे यांची शिस्त रूढ झाली. बोलण्याच्या अटी बोलण्याआधी ठरतात, नंतर बदलत नाहीत, हा नियम योग्य आहे आणि तो टिकला पाहिजे. पण हा नियम ज्यांना तो ठाऊक असतो त्यांच्यासाठी आहे. आमदाराला शब्दाची किंमत कळते, त्याच्याजवळ स्वीय सहायक असतो, खुलासा छापून आणण्याची ताकद असते. तुमच्यासमोर बसलेल्या बाईने आयुष्यात प्रथमच चित्रीकरण पाहिले असेल. ज्याच्यावर सार्वजनिक जबाबदारी आहे त्याने सार्वजनिक कामाविषयी केलेले विधान आणि दुःखात असलेल्या खासगी व्यक्तीने स्वतःच्या घराविषयी सांगितलेली गोष्ट, या दोहोंना एकच माप लावले तर त्या मापाचा फायदा नेहमी बलवानालाच होतो. संपादकांना तुम्ही नि:शंकपणे सांगू शकता की हिच्याबाबत असा निर्णय घेतल्याने आमदाराला कोणताही पायंडा मिळत नाही.

कायदाही याच दिशेने बोलतो. तामिळनाडूतील एका नियतकालिकाच्या प्रकरणात, आर. राजगोपाल खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये म्हटले की स्वतःच्या, कुटुंबाच्या आणि वैवाहिक जीवनाच्या खासगीपणाचे रक्षण करण्याचा नागरिकाला अधिकार आहे. संमतीशिवाय त्याविषयी लिहिलेले खरे असो वा खोटे, लिहिणारा जबाबदार ठरू शकतो. सार्वजनिक नोंदींवर आधारलेला मजकूर आणि अधिकाऱ्यांचे अधिकृत वर्तन यांना त्यात अपवाद आहे. पुढे २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. "पण ते खरे आहे ना?" असे डेस्कवरून विचारले जाते तेव्हा हे लक्षात ठेवा. नवऱ्याच्या दारूविषयी पत्नीने सांगितलेली गोष्ट खरी असेलही, पण तेवढ्याने ती छापण्याचा अधिकार मिळत नाही.

आता मदतीकडे येऊ, कारण या प्रकरणाचे खरे टोक तिथे आहे. तुम्ही जिल्ह्यात काम करता, त्यामुळे पात्र आणि अपात्र हे दोन शब्द तुम्हाला पाठ असतील. शेतकरी आत्महत्येच्या प्रकरणात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समिती नापिकी, बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज आणि वसुलीचा तगादा या निकषांवर प्रकरण तपासते आणि पात्र ठरले तर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. दारूचा किंवा घरगुती भांडणाचा उल्लेख चौकशीत आला की प्रकरण अपात्रतेकडे झुकते. विनापरवाना सावकाराचे कर्ज निकषात बसवणेही कठीण जाते. म्हणजे "बातमी आली की मदत मिळते" असे ज्या बाईला सांगितले, तिची बातमी तिच्याच शब्दांत आली तर मदत जाण्याची शक्यता अधिक. कदाचित गावात कोणीतरी तिला हे समजावले असेल आणि म्हणून तिने फोन केला असेल. कदाचित कारण फक्त तिने सांगितले तेवढेच असेल, की तिला तिथेच राहायचे आहे. दोन्ही कारणे पुरेशी आहेत.

इथे एखादा चोखंदळ वाचक विचारेल की मग वार्ताहराने शासकीय मदत मिळवून देण्यासाठी सत्य दडपायचे का? हा आक्षेप मी टाळणार नाही. पात्रता ठरवणे हे समितीचे काम आहे, तिच्याकडे तलाठी आहे, पोलिसांचा पंचनामा आहे. शोकाकुल बाईची मुलाखत हा त्या चौकशीतला जबाब होऊ नये. पण त्याचबरोबर तुम्हीही कुटुंबाची बाजू मांडणारे वकील नाही. म्हणून दारूचा उल्लेख गाळायचा ठरवलात तर "कर्जाला कंटाळून शेतकऱ्याची आत्महत्या" हा मथळाही तुम्हाला गाळावा लागेल. एक कारण झाकून दुसरे कारण एकमेव म्हणून मांडणे ही वाचकाची फसवणूक आहे, आणि तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. एखादी गोष्ट न सांगणे अप्रामाणिकपणाचे नाही. न सांगितल्यामुळे उरलेले चित्र खोटे होणार असेल आणि तरीही ते तुम्ही छापत असाल, तर ते अप्रामाणिकपणाचे आहे. "या मृत्यूमागे अनेक कारणे होती, त्यांपैकी काही कुटुंबाच्या विनंतीवरून येथे दिलेली नाहीत" एवढे एक सरळ वाक्य बातमीत असू द्या.

एकाच कारणाचा मथळा टाळण्याला आणखी एक आधार आहे. वृत्तपत्रांच्या वर्तनावर लक्ष ठेवणाऱ्या भारतीय प्रेस कौन्सिलने १३ सप्टेंबर २०१९ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवर आधारित अशी आत्महत्येच्या वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. बातमी ठळक जागी लावू नये, पुन्हा पुन्हा देऊ नये, पद्धतीचे वर्णन करू नये, ठिकाणाचा तपशील देऊ नये, सनसनाटी मथळा आणि छायाचित्र वापरू नये असे ती सांगतात. मराठी वृत्तपत्रांच्या भाषेत याचा अर्थ असा की "मृत्यूला कवटाळले", "अखेर सुटका करून घेतली" यांसारखे शब्द सोडून द्यावेत, कारण तशाच विवंचनेत असलेला वाचक ते वाचतो आणि त्याला त्यात मार्ग दिसतो. कीटकनाशकाचा डबा, दोर, बांधावरचे झाड, यांतले काहीही शब्दांत वा छायाचित्रात येऊ देऊ नका. शेवटी टेली मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक द्या. तो शासनाचा आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते.

मुलाविषयी मी फार लिहिणार नाही. तो भाग बातमीत येऊ नये, चित्रफितीत येऊ नये, कार्यालयाच्या संगणकावरूनही काढून टाकावा. तेरा वर्षांच्या मुलाला बापाचा मृतदेह कसा सापडला हे विचारण्याची पत्रकारितेला कधीही गरज नसते. त्याने आपणहून सांगितले असेल तर त्या वेळी फोन खाली ठेवून त्याचे ऐकून घ्यायला हवे होते.

सावकाराच्या नावाचा प्रश्न वेगळा आहे आणि इथे तुमची तळमळ मला पूर्णपणे पटते. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा लागू आहे, विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही त्यात आहे. असा माणूस गावात राजरोस धंदा करत असेल तर ते छापणे जनहिताचेच आहे. पण आज तुमच्या हातात काय आहे? एका शोकाकुल व्यक्तीने घेतलेले एक नाव. आत्महत्येच्या बातमीत ते नाव छापणे म्हणजे त्या माणसावर आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप करणे होय, ज्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १०८ नुसार दहा वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. आरोप सिद्ध झाला नाही तर बदनामीच्या खटल्यात तुम्ही आणि तुमचे वृत्तपत्र उभे राहाल. आणि त्याआधी, त्याच संध्याकाळी, तो माणूस तिच्या दारात उभा राहील.

१८८२ चे कोल्हापूर प्रकरण आपल्या पत्रसृष्टीला ठाऊक आहे. छत्रपती चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होतो आहे या कळकळीने 'केसरी' आणि 'मराठा' यांनी दिवाण बर्वे यांच्या नावाची पत्रे छापली, ती पत्रे न्यायालयात बनावट ठरली आणि टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा होऊन १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. त्यांच्या हेतूविषयी कोणी शंका घेत नाही, आणि समाजाने त्यांचे स्वागतच केले. पण हाती आलेला कागद कोणी दिला, का दिला आणि तो अन्य मार्गाने पडताळता येतो का, हे प्रश्न हेतू शुद्ध असला तरी विचारावेच लागतात. ज्या अन्यायाची आपल्याला सर्वांत जास्त चीड येते, त्याच्याबद्दलचा पुरावा आपण सर्वांत कमी तपासतो. माझ्या चाळीस वर्षांच्या कामात माझ्याकडून झालेल्या बहुतेक चुका याच प्रकारच्या होत्या.

म्हणून सावकाराची बातमी या बातमीपासून तोडा. सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकांकडे परवानाधारक सावकारांची यादी असते. तिच्यात हे नाव आहे का ते पाहा, त्याच्याविरुद्ध आधीच्या तक्रारी आहेत का ते विचारा. दुय्यम निबंधक कार्यालयातील खरेदीखतांत आणि सातबाऱ्यावरील फेरफारांत एकाच माणसाच्या नावावर लहान शेतकऱ्यांच्या जमिनी कशा जमत गेल्या हे दिसते, आणि ते कोणा एकाच्या साक्षीवर अवलंबून राहत नाही. पंचक्रोशीतील आणखी चार-पाच कर्जदार शोधा, त्यांत निदान दोघे-तिघे असे असावेत की ज्यांचा या कुटुंबाशी संबंध नाही. मग त्या माणसाकडे जा, त्याच्यावरचे आक्षेप एकेक करून त्याच्यासमोर ठेवा आणि उत्तर द्यायला पुरेसा अवधी द्या. पाने छपाईला सुटण्याच्या तासभर आधी एक फोन करायचा आणि "संपर्क होऊ शकला नाही" असे छापायचे, ही आपल्या व्यवसायातली जुनी पळवाट आहे. ती तुम्ही वापरू नका. या कामाला महिना-दोन महिने लागतील. त्या बातमीत या बाईचे नाव कुठेही नसेल, पण तिच्या अठरा मिनिटांमुळेच ती बातमी उभी राहिलेली असेल.

तुम्हाला एक अनुभव सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी अशाच एका मृत्यूची बातमी केली होती. मृताच्या मुलीने घरातील भांडणाविषयी सांगितलेले एक वाक्य मी तिच्या नावानिशी छापले, कारण ते वाक्य जिवंत होते आणि मला त्याचा मोह पडला. नंतर बऱ्याच दिवसांनी आठवडी बाजारात तिची आई भेटली. रागावली नाही. म्हणाली, "पोरीला बघायला आलेल्या पाहुण्यांनी खिशातून तुमचं कात्रण काढलं." सोयरीक मोडली होती. मी काय बोललो ते मला आठवत नाही. वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते असे आपण म्हणतो, पण ज्याच्याविषयी छापलेले असते त्याच्या गावात ते जपून ठेवले जाते. आता तर चित्रफीत आहे. ती फोनवरून फोनवर जात राहील, आणि "हा बघा तुमचा मुलगा, तेरा वर्षांचा असताना" असे म्हणत ती त्या बाईला दहा वर्षांनीही कोणी ना कोणी दाखवील.

संपादकांशी बोलताना तत्त्वचर्चेने सुरुवात करू नका. त्यांना पानासाठी मजकूर हवा आहे आणि ती गरज खरी आहे. दोन पर्याय लिहून घेऊन जा : नाव, गाव आणि चेहरा वगळून, कुटुंबाने मान्य केलेल्या मजकुरावर आधारित बातमी आता, सावकारीवरची कागदपत्रांसह मालिका नंतर. मृताच्या पत्नीने फोन केला ती तारीख आणि तिचे शब्द ई-मेलने त्यांना कळवा, म्हणजे उद्या वाद झाला तर विनंती आली होती याची नोंद राहील. त्यांना हेही ठाऊक असू द्या की अशा मजकुराबद्दल ती बाई आधी संपादकांकडे लेखी हरकत घेऊन प्रेस कौन्सिलकडे जाऊ शकते. १९७८ च्या कायद्यानुसार कौन्सिलला दंड करता येत नाही, ताकीद देता येते, निषेध नोंदवता येतो. ही ताकद तोकडी आहे आणि तुमच्या वृत्तपत्राच्या चित्रवाहिनीपर्यंत ती पोहोचतही नाही. त्यामुळे बाहेरच्या धाकावर फार भिस्त ठेवू नका. एवढे करूनही त्यांनी सगळे छापायचेच ठरवले तर बातमीवरून तुमचे नाव काढून घेण्याची विनंती लेखी करा. नोकरी सोडा असे मी सांगणार नाही. जिल्ह्यातल्या वार्ताहराला मानधन किती मिळते आणि जाहिरातींचे उद्दिष्ट किती असते हे मला माहीत आहे. दुसऱ्याच्या पोटावर उभे राहून धैर्याचे धडे देणे मला बरोबर वाटत नाही.

यापुढे अशा घरी जाल तेव्हा दारात एवढे बोला, आणि ज्या व्यक्तीची मुलाखत घ्यायची आहे तिच्याशीच बोला : "मी अमुक वर्तमानपत्रातून आले आहे. तुम्ही बोललात म्हणून मदत मिळेल असं मी सांगू शकत नाही, आणि नाही बोललात म्हणून काही अडणारही नाही. नाव टाकायचं की नाही ते तुम्ही ठरवा. छापायच्या आधी मी तुमचं बोलणं तुम्हाला वाचून दाखवीन, त्यातलं नको असेल ते तेव्हा सांगा." मंत्र्याला मजकूर आधी वाचून दाखवायची गरज नाही, अशा बाईला ती आहे. शक्य असेल तर दिवसकार्य होईपर्यंत जाऊच नका. दुसरे कोणी आधी जाईल, बातमी मागे पडेल, डेस्कवरून बोलणी बसतील, हे सगळे मान्य करून मी हे सांगतो आहे.

आणि या प्रकरणात आणखी एक भेट बाकी आहे. त्यांच्या शेजारणीच्या फोनवर निरोप ठेवा, भेट कुठे घ्यायची ते त्यांनाच ठरवू द्या. कदाचित त्या माहेरी गेल्या असतील आणि तिथे बोलणे त्यांना सोपे जाईल. जे छापायचे आहे ते वाचून दाखवा. मदतीविषयी तुम्ही जे म्हणालात ते तुमच्या हातात नव्हते, हे स्पष्ट शब्दांत सांगा आणि त्याबद्दल माफी मागा. तहसील कार्यालयात प्रस्तावाचे काय झाले हे विचारायला त्यांना कोणी नसेल तर अर्ज कुठे द्यायचा तेवढे कागदावर लिहून द्या. चित्रीकरणातील मुलाचा भाग त्यांच्यासमोर पुसून टाका. जाताना वृत्तपत्राचे नाव लिहिलेली गाडी नेऊ नका, एस.टी.ने जा आणि फाट्यावरून चालत जा.